डूम हॅलोजनचा, बल्ब एलईडीचा, आणि डोळे दुसऱ्याचे

परवा सांगलीहून माझ्या मामेभावाचा फोन आला. पाऊसपाणी, ऊस, क्रिकेट वगैरे बोलून झाल्यावर स्वारी मुद्द्यावर आली.

"दादा, डिसेंबरात येतोयस ना? येताना एक एलईडी हेडलाईट बल्ब आण. एकदम पॉवरफुल. इथं मिळतात, पण डुप्लिकेट असतात."

मी विचारलं, कुठे बसवणार? तर म्हणाला, मोटरसायकलला. आहे त्याच डूममध्ये, हॅलोजनच्या जागी. "फिट बसतो रे, नुसतं काढायचं नि घालायचं!" वर त्यानं एका खोक्याचा फोटोही पाठवला. खोक्यावर छापलं होतं, ३६ वॅट, २०,००० ल्यूमेन.

मी नाही म्हणालो. तो रुसला. "तू तिकडे राहून लई शहाणा झालास" असं काहीतरी पुटपुटून त्यानं फोन ठेवला. त्याच्या रुसव्याचं मला वाईट वाटलं, पण माझा नकार कायम आहे. तो का, हे फोनवर सांगायला जमलं नाही, म्हणून इथे सविस्तर सांगतो. कारण असे मामेभाऊ महाराष्ट्रात घरोघरी आहेत, आणि दर दिवाळीला परदेशातून येणाऱ्या कुणा ना कुणा 'दादा'च्या बॅगेत असा एखादा बल्ब असतोच.

आधी त्या खोक्याचा हिशोब करू. २०,००० भागिले ३६, म्हणजे एका वॅटला साडेपाचशेच्या वर ल्यूमेन. आज बाजारातले उत्तम पांढरे एलईडी वॅटला दीडशे ते दोनशे ल्यूमेन देतात. आपल्या डोळ्याला सगळ्यात जास्त जाणवणारा शुद्ध हिरवा उजेड घेतला, आणि एक थेंबही ऊर्जा वाया गेली नाही असं धरलं, तरी मर्यादा ६८३ ची आहे. म्हणजे या खोक्यातला बल्ब एकतर जगातला सगळ्यात मोठा शोध आहे, नाहीतर खोक्यावर खोटं छापलंय. यातलं काय खरं हे तुम्हीच ठरवा.

पण समजा, खोटं नसतं, बल्ब खरोखर तेवढा उजेड देणारा असता, तरीही मी आणला नसता. माझं भांडण आकड्याशी नाहीच. माझं भांडण आहे ते 'उजेड म्हणजे बल्ब' या समजुतीशी.

ही समजूत माझीही होती. इंजिनिअर असून होती, डॉक्टरेट करून होती. ती कशी गेली ते सांगतो.

मी आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवेजवळ राहतो. डिसेंबरात इथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो आणि सकाळी साडेआठच्या आधी उगवत नाही. मी सायकलनं कामावर जातो, त्यामुळे दोन महिने जाणं अंधारात आणि येणंही अंधारात. गावाबाहेर पडलं की रस्त्यावर दिवे नाहीत. दोन्ही बाजूंना दगडी गडगे नाहीतर काटेरी कुंपण, आणि मध्ये एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट. अशा वाटेला इथे 'बोरीन' म्हणतात. आपल्या कोकणातली पाणंद आठवा, फक्त डांबर घातलेली.

विकतचे दिवे मला पसंत पडेनात, म्हणून स्वतःच करायला घेतला. हिवाळ्यात घरात बसून दुसरं करणार काय? आता दिवा हँडलवर लावायचा म्हणजे हलका हवा. जड असला की खड्ड्यात क्लँप फिरतो आणि दिवा आभाळातले तारे मोजू लागतो. म्हणून पहिला विचार आला तो ५० मिलिमीटरच्या हॅलोजनचा, दुकानांच्या शोकेसमध्ये असतात ना, काचेच्या पैलूदार वाटीतले. त्यांची गंमत अशी की त्या काचेवर धातूऐवजी पातळ थरांचा लेप असतो. तो उजेड पुढे परतवतो आणि बरीचशी उष्णता मागून जाऊ देतो. पण काच जड, आणि हॅलोजनला वीज फार लागते. बल्बची काच अडीचशे अंशांच्या वर तापली नाही तर आतलं हॅलोजनचं चक्र नीट चालत नाही, म्हणजे प्लॅस्टिकची हलकी वाटी जवळ आणायची सोय नाही.

मग एलईडी. याच्या पुढच्या बाजूनं फारशी उष्णता येत नाही, त्यामुळे ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेली प्लॅस्टिकची वाटी चालते. वजन काही ग्रॅम! मी खूश. दोन दिवसांनी कळलं की एलईडीची उष्णता पुढून येत नाही, कारण ती मागून जाते, आणि मागे ॲल्युमिनियमचा चांगला दणकट ठोकळा लावला नाही तर चिप भाजून निघते. म्हणजे वजन गेलं नाही, फक्त पुढचं मागे गेलं. असो.

तर, असा पहिला दिवा तयार झाला. गोल वाटी, मध्ये समोर बघणारा एलईडी, आणि जमेल तेवढा करंट. काय उजेड पडला म्हणता! कुंपणातलं पान न् पान दिसायला लागलं. तीन-चार दिवस मी त्या बोरीनचा राजा होतो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी समोरून एक म्हातारे शेतकरी कुत्र्याला घेऊन येत होते. हातात छोटी टॉर्च. मी जवळ आलो तसे ते थांबले, डोळ्यांवर आडवा हात धरला, बाजूला सरायला म्हणून एक पाऊल टाकलं आणि ते थेट गडग्याकडेच्या चरात गेले. घोटाभर पाणी होतं, लागलं काही नाही. मी धावत जाऊन हात दिला, शंभरदा माफी मागितली. ते शांतपणे म्हणाले, "पोरा, तुला रस्ता दिसावा म्हणून दिवा लावलायस ना? मग तो रस्त्यावर पाड की. माझं तोंड बघून तुला काय करायचंय?"

मंडळी, माझ्या डॉक्टरेटच्या तोंडी परीक्षेतसुद्धा मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता.

घरी येऊन भिंतीवर दिवा पाडून बघितला. मध्ये एक भगभगीत गोळा आणि भोवती मोठं फिकट वर्तुळ. त्या वर्तुळाचा खालचा अर्धा भाग रस्त्याच्या कामाचा, आणि वरचा अर्धा फक्त समोरच्याच्या डोळ्यांसाठी. म्हणजे बॅटरीतला निम्मा माल मी लोकांना आंधळं करण्यात खर्च करत होतो.

आता जरा शाळेत जाऊ. अंतर्वक्र आरसा आपण सगळ्यांनी वाचलाय. 'नाभीत ठेवलेल्या दिव्याचे किरण परावर्तनानंतर समांतर जातात, म्हणून गाडीच्या दिव्यात वापर करतात.' एक गुण मिळाला, विषय संपला. पण त्या वाक्यातली खोच कुणी सांगितली नाही. नाभी म्हणजे एक बिंदू, आणि बिंदूएवढा दिवा जगात नाही. दिव्याला आकार असतो, आणि त्या आकारामुळे झोत पसरतो. हिशोब सोपा आहे. आरशाचं नाभीय अंतर २५ मिलिमीटर असेल आणि दिवा नाभीपासून १ मिलिमीटर खाली सरकला, तर झोत पंचविसात एक या प्रमाणात वर जातो. म्हणजे २५ मीटरवर १ मीटर! डिपरचा झोत साधारण मीटरला एक सेंटिमीटर खाली झुकलेला असावा लागतो, म्हणजे २५ मीटरवर पंचवीसेक सेंटिमीटर. आता त्यात एका मिलिमीटरच्या चुकीनं मीटरभर वर उडालेला झोत टाका. तो रस्ता सोडून थेट समोरच्याच्या कपाळावर जातो.

आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत असणारा एचफोर बल्ब हातात घेऊन बघा. १९७१ च्या सुमारास आलेली ही चीज फार हुशारीनं केलेली आहे. आत दोन तारा असतात, ६० वॅटची अप्परची आणि ५५ वॅटची डिपरची. डिपरची तार मुद्दाम नाभीच्या थोडी पुढे ठेवलेली आहे, आणि तिच्या खाली धातूची एक इवलीशी वाटी आहे. या वाटीमुळे डिपरचा उजेड आरशाच्या खालच्या भागावर पडतच नाही. कारण त्या भागावरून तो वर, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत गेला असता. समोरच्याची काळजी त्या नखाएवढ्या पत्र्यात भरलेली आहे. डिपरला हा बल्ब साधारण हजार ल्यूमेन देतो, फक्त हजार. पण ते कुठे जायचे हे ठरलेलं असतं.

आता त्या जागी एलईडी घाला. पाच-साडेपाच मिलिमीटरची बारीक तार जाऊन तिथे एक पट्टी येते, दोन्ही बाजूंना चिपा चिकटवलेली. तार चहूबाजूंना उजेड टाकते, ही पट्टी फक्त दोन बाजूंना. चिपांमध्ये पट्टीच्या जाडीएवढं अंतर. वाटी असलीच तर नावाला. आणि चकती फिरवून बसवायची असेल तर फिटर ती अंदाजपंचे दाहोदरसे फिरवणार. आरसा बिचारा तोच! तो एका विशिष्ट ठिकाणच्या विशिष्ट आकाराच्या तारेसाठी घडवलेला आहे. त्याच्यापुढे दुसरंच काहीतरी ठेवलं की तो ते दुसरंच काहीतरी जगभर उधळतो. आपल्याकडे याला 'फोकस' म्हणतात. 'काय फोकस आहे यार गाडीला!' अरे, फोकसच तर नाहीये तो!

म्हणून म्हणतो, दिवा म्हणजे बल्ब नव्हे. दिवा म्हणजे बल्ब आणि आरसा यांचं लग्न. कुंडली न बघता लावलं तर भांडणं शेजाऱ्यांना ऐकू येतात.

हे ज्ञान काही नवं नाही. मी राहतो त्याच देशात दोनशे वर्षांपूर्वी एका माणसानं हे करून दाखवलंय. १८२५ साली आयर्लंडचं सर्वेक्षण सुरू झालं होतं. बेलफास्टजवळच्या डिव्हिस डोंगरावरून उत्तरेच्या डोनेगलमधला स्लीव्ह स्नॅक्ट डोंगर दुर्बिणीतून टिपायचा होता. अंतर सुमारे ६६ मैल, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर. आयरिश हवा तर तुम्हाला माहीत नाही, ढग, धुकं आणि पाऊस यांची ती कायमची सोयरीक. आरशात ठेवलेले तेलाचे दिवे तिथवर दिसेनात.

तेव्हा थॉमस ड्रमंड नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या लष्करी इंजिनिअरनं मोठा दिवा नाही केला. त्यानं लहान केला. चुन्याचा एक इंचाच्याही निम्म्याहून लहान गोळा घेतला, अल्कोहोलच्या ज्योतीत ऑक्सिजन सोडून तो पांढराशुभ्र तापवला, आणि अन्वस्ताकार आरशाच्या नाभीत बसवला. त्या गोळ्याचं तेज तेलाच्या उत्तम दिव्याच्या ज्योतीच्या ८३ पट होतं. त्या नोव्हेंबरात त्यानं हे सगळं बिऱ्हाड त्या डोंगरावर नेलं. स्लीव्ह स्नॅक्ट या नावाचा अर्थच 'बर्फाचा डोंगर', यावरून काय ते समजा. रात्री डिव्हिसवरच्या मंडळींना तो दिवा लख्ख दिसला. पुढे हाच चुन्याचा दिवा नाटकाच्या रंगमंचावर गेला, आणि 'लाईमलाईट' हा शब्द तिथून आपल्या वर्तमानपत्रांपर्यंत आला.

ड्रमंडला जे कळलं होतं ते असं. झोताची प्रखरता दोन गोष्टींवर ठरते, दिव्याच्या पृष्ठभागाचं तेज आणि आरशाचं क्षेत्रफळ. आरसा कितीही महाग घ्या, तो दिव्याचं मूळ तेज वाढवू शकत नाही. आणि दिवा नुसताच मोठा केला तर झोत फक्त पसरतो, लांब जात नाही. 'किती ल्यूमेन?' हा प्रश्न त्यानं विचारलाच नसता. त्यानं विचारलं असतं, 'केवढा दिवा, कुठे ठेवलाय, आणि उजेड कुणाला हवाय?'

आपल्याशी याचा संबंध? आहे ना. आयर्लंडच्या या सर्वेक्षणातली मोजपट्ट्यांची पद्धत बघायला १८२९ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट इथे येऊन गेला, आणि तशाच पट्ट्या घेऊन भारतात परतला. हवेतली धूळ आणि उन्हाची थरथर टाळायला त्यानंही रात्रीचे दिवे पेटवून भारत मोजला. त्याच्या आधी ज्यानं ते काम सुरू केलं तो लॅम्टन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, तिथेच त्याची कबर आहे. डोंगरावरचा एक दिवा नेमका कुठे पडावा यासाठी या माणसांनी आयुष्यं घालवली. आणि आपण हिंगणघाटवरून जाणाऱ्या हायवेवर काय करतो? अप्पर लावून सुटतो.

आता तुमचे आक्षेप घेतो. मला ते पाठ आहेत.

पहिला, 'तुमचं बरं आहे, तिकडे रस्ते चांगले. इथे खड्डे, गुरं, न सांगता आलेले स्पीडब्रेकर. आम्हाला जास्त उजेड लागतो.' मान्य! शंभर टक्के मान्य. पण तो लागतो रस्त्यावर. समोरून तुमच्यासारखाच एक आला की तुम्हाला खड्डा दिसतो का? दोघांनाही दिसत नाही. तमाशाच्या फडात पुढचा एक जण नीट दिसावं म्हणून उभा राहतो, मग मागचा उभा राहतो, मग सगळा फड उभा. दिसतं आधी होतं तेवढंच, फक्त पाय दुखतात. इथे पाय दुखण्यावर भागत नाही.

दुसरा, 'तिकडे तरी कुठे सगळे शहाणे आहेत?' नाहीत. उंच गाड्यांच्या झगझगीत दिव्यांबद्दल इथले लोकही रोज कुरकुरतात, आणि चरात माणूस पाडणारा मी इथलाच. पण इथे जुन्या होत चाललेल्या मोटारींची ठरावीक काळानं तपासणी होते, २००० सालापासून. त्यात दिव्याचा झोत कुठे पडतो हे यंत्रासमोर बघतात, आणि चुकला तर गाडी नापास. नुसता दिवा लागतो की नाही एवढं बघून शिक्का मारत नाहीत. जर्मनीत तर सायकलच्या दिव्याचा वर जाणारा उजेडही कायद्यानं बांधलेला आहे.

तिसरा, 'आपल्याकडे कायदाच नाही.' आहे! केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, त्यातला नियम १०६ काढून वाचा. दिव्यापासून ८ मीटरवर उभ्या असलेल्या, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवेल असा दिवा नको, असं त्यात आहे. ज्यानं हे लिहिलं त्यानं डोळ्याची उंचीसुद्धा विचारात घेतली होती. आणि त्याच्याही आधी आपल्याकडे साधा उपाय होताच, हेडलाईटच्या काचेवर वरच्या बाजूला काळा रंग. लहानपणी मला तो नजर लागू नये म्हणून लावलेला तीट वाटायचा. ट्रकमागे 'यूज डिपर ॲट नाईट' लिहिणाऱ्या पेंटरलाही हे कळत होतं. रंग गेला, पेंटरची पाटी तेवढी राहिली.

तेव्हा माझा राग मामेभावावर नाही. तो अंधारात गाडी चालवतो, त्याला भीती वाटते, आणि भीतीवर त्याला चारशे-पाचशे रुपयांत औषध विकलं जातं. राग आहे तो खोक्यावर २०,००० छापणाऱ्यावर, ते बघूनही विकणाऱ्यावर, आणि दिवा 'लागतो' एवढं बघून तपासणीचा कागद देणाऱ्यावर. आणि थोडा आपल्या सगळ्यांवर. आपल्याला दुसऱ्याचा झोत डोळ्यांत गेला की शिवी सुचते, आणि आपला गेला की 'जबरदस्त' वाटतो.

करायचं काय? फार नाही. हॅलोजनच्या डूममध्ये हॅलोजनच घाला, चांगल्या कंपनीचा, ठरलेल्या वॅटचा. डूमचा मुलामा काळवंडला असेल, काच पिवळी पडली असेल तर आधी ती बदला, निम्मा उजेड तिथेच अडकलेला असतो. एलईडीच हवा असेल तर त्याच्यासाठी घडवलेल्या आरशासकट, प्रमाणित केलेला अख्खा हेडलाईट घ्या. आणि एक रात्र फुकटचा प्रयोग करा. सपाट जागी भिंतीपासून सात-आठ मीटरवर, नेहमी बसता तसं गाडीवर बसून डिपर लावा. उजेडाची वरची कड तुमच्या दिव्याच्या उंचीच्या जराशी खाली दिसली पाहिजे. कड दिसतच नसेल, नुसता भपका भिंतीवर वर चढत असेल, तर तुम्ही रोज कुणाला तरी चरात पाडताय. तो पडलेला तुम्हाला दिसत नाही, कारण तोवर तुम्ही पुढे गेलेले असता.

माझा दिवाही आता बदललाय. एलईडी वरच्या बाजूला, तोंड खाली करून, आणि त्याच्या खाली अर्ध्या वाटीचा आरसा. समोरच्याला चिप दिसतच नाही. करंट पूर्वीच्या निम्मा, वजनही कमी, आणि रस्ता जास्त दिसतो. ते म्हातारे आजोबा परवा भेटले, तेव्हा न थांबता नुसती मान हलवून गेले. मला तेवढी पावती पुरे.

तो ड्रमंड पुढे डब्लिनच्या सरकारात मोठा अधिकारी झाला. १८३८ मध्ये त्यानं इथल्या जमीनदारांना खडसावून लिहिलं की मालमत्तेला हक्क असतात तशी कर्तव्यंही असतात. जमीनदारांना ते आवडलं नाही, पण आयरिश माणूस त्याला अजून विसरला नाही. दिव्याचा माणूस होता, मला वाटतं दिव्याबद्दलही तो हेच म्हणाला असता.

शेवटी एक घरचं. माझे बाबा सदुसष्ट वर्षांचे आहेत. तीस वर्षं त्यांनी स्कूटर चालवली, एकदाही पडले नाहीत. गेल्या दोन वर्षांपासून ते अंधार पडल्यावर गाडी काढत नाहीत. डोळे तपासले, चष्मा बदलला. डॉक्टर म्हणाले, या वयात डोळ्यांच्या भिंगात उजेड जास्त विखुरतो, समोरून झोत आला की सगळं पांढरं होतं. बाबा दर गुरुवारी संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला भजनाला जायचे. ते बंद झालं. तक्रार करत नाहीत. फोनवर विचारलं तर म्हणतात, "हल्ली गाड्या फार चकाकतात रे, घरीच बरं."

मामेभावाला मी काल पुन्हा फोन केला आणि एवढंच सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा भजनाला जात नाहीत, हे मला माहीतच नव्हतं."

डिसेंबरात मी जातोय. बॅगेत त्याच्यासाठी एक साधा, ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब असेल. आणि एका गुरुवारी आम्ही दोघं मिळून त्याच्या गाडीचा झोत भिंतीवर लावणार आहोत.